श्रीरंगपट्टणचे चेहरे : आयरिश मुसव्विर टॉमस हिकी (१७४१–१८२४)

टिपू सुलतानाचे दोन शहजादे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन केले जात आहेत, हा प्रसंग इतिहासाच्या अनेक पुस्तकांत चित्ररूपाने छापलेला असतो. एका बाजूला हात पुढे केलेला, पितृतुल्य वाटणारा गव्हर्नर जनरल, समोर पांढऱ्या अंगरख्यातील दोन लहान मुले, मागे हत्ती आणि तंबू. प्रसंग खरा आहे. फेब्रुवारी १७९२ मध्ये, तिसऱ्या म्हैसूर युद्धाच्या शेवटी, सुमारे दहा वर्षांचा अब्दुल खालिक व आठ वर्षांचा मुईझुद्दीन हे ओलीस म्हणून इंग्रजांच्या छावणीत आले. त्या वेळी हरिपंत फडके यांची मराठी फौजही श्रीरंगपट्टणसमोर होती. परंतु या प्रसंगाची जी चित्रे गाजली, त्यांतील मॅथर ब्राऊन व हेन्री सिंगलटन यांची चित्रे लंडनमध्ये बसून काढलेली आहेत. या दोघांनी ना ती मुले पाहिली, ना तो किल्ला. रॉबर्ट होम हा चित्रकार मात्र प्रत्यक्ष छावणीत हजर होता आणि त्याने आपल्या चित्राच्या एका कडेला स्वतःलाही उभे केले आहे.

या चित्रांहून वेगळ्या जातीचा एक पुरावा १७९९ नंतर निर्माण झाला. टिपूच्या शहादतीनंतर त्याचे पुत्र व म्हैसूर दरबारातील माणसे एका चित्रकारासमोर बसली आणि त्याने एकेकाचा चेहरा पाहून रंगविला. तो चित्रकार म्हणजे डब्लिनचा टॉमस हिकी. युरोपीय कलेच्या इतिहासात त्याला मानाचे पान नाही. आयर्लंडच्या कलाकोशात त्याची नोंद आहे, आणि मिल्ड्रेड आर्चर यांनी भारतातील ब्रिटिश व्यक्तिचित्रांवरील आपल्या १९७९ च्या ग्रंथात त्याचा सविस्तर विचार केला आहे. मराठीत मात्र त्याच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. आपल्या वाचकांना पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव व नाना फडणविसांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स माहीत असतो, त्याच्या हाताखाली तयार झालेला गंगाराम तांबटही माहीत असतो. म्हैसूरच्या बाबतीत वेल्सच्या जागी हिकीला ठेवावे लागते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की वेल्ससमोर बसलेला पेशवा स्वतंत्र होता. हिकीसमोर बसलेले शहजादे कैदेत होते.

हिकीचा जन्म १७४१ मध्ये डब्लिन येथे झाला. वडील नोआ हिकी हे केपल स्ट्रीटवर मिठाईचा व्यवसाय करीत. डब्लिन सोसायटीच्या चित्रशाळेत रॉबर्ट वेस्ट यांच्या हाताखाली त्याने रेखाटन शिकले व लहान वयातच बक्षिसे मिळविली. या शाळेचा भर खडूने चेहरा रेखाटण्यावर असे, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. त्याचा धाकटा भाऊ जॉन हा शिल्पकार झाला व लंडनमध्ये त्याला एडमंड बर्कचा आश्रय लाभला. वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालविणारा बर्क तो हाच, आणि तोही डब्लिनचाच. एका भावाला कंपनीच्या कारभारावर तुटून पडणाऱ्याचा आधार आणि दुसऱ्याला कंपनीच्या गव्हर्नर जनरलचा, असा हा योग आहे.

टॉमस १७६१ च्या सुमारास इटलीत गेला. काही वर्षे तेथे काढून तो डब्लिनला परतला, मग लंडन, मग बाथ. प्रत्येक ठिकाणी थोडे काम, थोडी प्रसिद्धी आणि मग पुढच्या गावाचा रस्ता, असा हा क्रम आहे. लंडनमध्ये रेनॉल्ड्स व गेन्सबरो यांच्यासारखे चित्रकार असताना मध्यम दर्जाच्या माणसाला मोठे आश्रयदाते मिळणे कठीणच होते. अशा चित्रकारांना त्या काळी एक वाट दिसे, ती हिंदुस्थानची. १७८० मध्ये हिकीने ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी मिळविली व तो जहाजावर चढला. ते जहाज फ्रेंच व स्पॅनिश आरमाराने पकडले आणि हिकीची रवानगी कलकत्त्याऐवजी स्पेनमध्ये झाली. सुटका झाल्यावर तो लिस्बनला गेला व तेथील धनिकांची चित्रे काढीत राहिला. १७८४ मध्ये तो कलकत्त्यास पोहोचला.

कलकत्त्यात झोफनी आधीच आलेला होता, डेव्हिस लवकरच आला. हिकीला कामे मिळाली, पण तो पहिल्या क्रमांकाचा ठरला नाही. तरी या सात-आठ वर्षांतील दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. पहिली, १७८८ मध्ये त्याने प्राचीन चित्रकला व शिल्पकला यांच्या इतिहासाचा पहिला खंड कलकत्त्यातच छापला. व्यक्तिचित्रांवर पोट भरणाऱ्या या माणसाचे मन इतिहासचित्रांत, म्हणजे मोठ्या प्रसंगांच्या भव्य चित्रांत गुंतलेले होते, हे यावरून दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे १७८७ चे एका हिंदी स्त्रीचे चित्र. जाजमावर बसलेली, दागिने ल्यालेली, शांत नजरेची ही स्त्री बहुधा जमदानी असावी, असे मानले जाते. कलकत्त्याचा वकील विल्यम हिकी (चित्रकाराशी फक्त नामसाधर्म्य) याच्या घरात ती त्याची बीबी म्हणून राहत होती. विल्यमच्या आठवणी पुढे छापल्या गेल्या म्हणून तिचे नाव तरी आपल्यापर्यंत आले. ते चित्र डब्लिन येथील आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

१७९२ ते १७९४ या काळात हिकी लॉर्ड मॅकार्टनीच्या चीनमधील वकिलातीबरोबर चित्रकार म्हणून गेला. मॅकार्टनी हाही मूळचा आयर्लंडमधील अँट्रिमचा, आणि पूर्वी मद्रासचा गव्हर्नर. या मोहिमेत हिकीने जवळजवळ काहीच काढले नाही. आज आपण चीनची त्या काळची जी चित्रे पाहतो, ती त्याच्या हाताखाली गेलेल्या तरुण विल्यम अलेक्झांडरची आहेत. पगार हिकीचा व काम अलेक्झांडरचे, असा हा मामला होता. हिकी बोलण्यात मात्र हुशार व रंजक होता, असे बरोबरच्यांनी लिहून ठेवले आहे. अशी माणसे कोणत्याही कचेरीत भेटतात.

नंतर तो आयर्लंडला परतला खरा, परंतु १७९८ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, दोन मुलींना घेऊन तो पुन्हा निघाला आणि मद्रासला आला. हे वर्ष आयर्लंडच्या इतिहासात रक्ताने लिहिलेले आहे. इंग्रजी सत्तेविरुद्धचा मोठा उठाव याच वर्षी झाला व तो चिरडला गेला. तो मोडून काढण्यासाठी जून १७९८ मध्ये व्हाइसरॉय म्हणून डब्लिनला आलेला माणूस होता लॉर्ड कॉर्नवॉलिस, ज्याने सहा वर्षांपूर्वी टिपूची मुले ओलीस घेतली होती तोच. आणि याच सुमारास कलकत्त्यात गव्हर्नर जनरल म्हणून आलेला रिचर्ड वेलस्ली हा आयर्लंडमधील मीथ परगण्यात जन्मलेला. श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत असलेला त्याचा धाकटा भाऊ आर्थर हा डब्लिनचा. वर्गात आपण म्हैसूरचा इतिहास व आयर्लंडचा इतिहास निरनिराळ्या तासांना शिकवितो, पण माणसे तीच आहेत. १८०१ च्या पहिल्या दिवशी आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट संपली. त्याच काळात एक डब्लिनकर चित्रकार बुडालेल्या म्हैसूर दरबाराचे चेहरे रंगवीत होता. हिकीच्या मनात याविषयी काय होते हे त्याच्या चित्रांवरून ठरवू नये. जिंकणाऱ्यांच्या पदरी तो होता आणि तेथेच राहिला.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. हिकी त्यानंतर तेथे पोहोचला. म्हणजे टिपूला त्याने जिवंत पाहिलेले नाही. तेथे त्याने मोहिमेत भाग घेतलेल्या कंपनी सरकारच्या व राजाच्या फौजेतील अधिकाऱ्यांची खडूने रेखाटने केली. डब्लिनच्या शाळेतील तालीम येथे कामास आली. पन्नासहून अधिक चेहरे, बहुतेक एका-एका बैठकीत टिपलेले. हे सर्व पूर्वतयारी म्हणून होते. श्रीरंगपट्टणच्या पाडावावर सात भव्य इतिहासचित्रे काढण्याची त्याची योजना होती. या सात चित्रांना आश्रयदाता मिळाला नाही व ती झाली नाहीत. दरम्यान लंडनमध्ये रॉबर्ट कर पोर्टर नावाच्या तरुणाने, हिंदुस्थान न पाहताच, किल्ल्यावरील हल्ल्याचे एकशेवीस फूट लांबीचे चित्र तयार करून १८०० मध्ये ते तिकीट लावून दाखविले. लोकांची झुंबड उडाली. जागेवर असलेल्याची चित्रे झाली नाहीत आणि जागेवर नसलेल्याचे चित्र हा प्रसंगाचा ‘पुरावा’ ठरला. इतिहासाच्या साधनांविषयी बोलताना हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

श्रीरंगपट्टणच्या बेटावर एक इतिहासचित्र आधीपासून होतेच, हेही येथे सांगितले पाहिजे. दर्यादौलत महालाच्या भिंतीवर सप्टेंबर १७८० मधील पोल्लिलूरच्या लढाईचे मोठे भित्तिचित्र आहे. हैदर व टिपू हत्तीघोड्यांवर, आणि मध्ये कोंडलेली कर्नल बेलीची इंग्रजी तुकडी. हिकी समुद्रावर पकडला गेला त्याच वर्षीची ही लढाई. पाडावानंतर आर्थर वेलस्लीचे बिऱ्हाड याच महालात होते आणि खराब झालेले हे चित्र त्याने पुन्हा नीट करून घेतले. आपल्याच सैन्याच्या पराभवाचे चित्र! त्या भिंतीवरच्या चितारींची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. हिकीची सात चित्रे कागदावर राहिली, त्यांचे भिंतीवर आजही आहे.

पण हिकीचे खरे काम पुढचे. टिपूच्या मुलांना कुटुंबासह वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. वेलस्लीने त्यांची व म्हैसूरच्या प्रमुख माणसांची तैलचित्रे करविली. कलकत्त्यात नवे गव्हर्नमेंट हाउस उभे राहत होते आणि त्याच्या भिंतींसाठी ती हवी होती. त्यांतील काही आज कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहेत. त्यांचा हेतू स्पष्ट आहे. टिपूच्या ग्रंथालयातील सुमारे दोन हजार हस्तलिखिते कंपनीने ताब्यात घेतली व चार्ल्स स्टुअर्टने १८०९ मध्ये त्यांची सूची छापली. सिंहासनाचे सोन्याचे तुकडे झाले, लाकडी वाघ लंडनला गेला. चेहऱ्यांचा हा संग्रह त्याच मालिकेतला आहे. जे ताब्यात आले ते मोजून, नोंदवून, भिंतीवर लावायचे.

तरीही त्या चित्रांकडे पाहताना निराळे काही जाणवते, आणि याच मुद्द्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. फारसी व उर्दूमध्ये चित्रासाठी ‘तस्वीर’ व ‘शबीह’ असे दोन शब्द वापरात आहेत. तस्वीर कशाचीही असू शकते. मराठीने तो शब्द ‘तसबीर’ करून भिंतीवर टांगला. शबीह म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीचे साम्य. मोगल चित्रांवरील नोंदींत ‘शबीह-ए’ असे लिहून पुढे त्या माणसाचे नाव येते. ब्राऊन व सिंगलटन यांनी काढली ती तस्वीर. तेथे शहजादे म्हणजे दयाळू विजेत्यापुढची दोन गोड मुले, कोणाचीही. हिकीने काढली ती शबीह. पार्श्वभूमी फारशी नाही, प्रसंग नाही, हात पुढे केलेला कॉर्नवॉलिस नाही. फक्त एक तरुण माणूस, त्याची पगडी, त्याचा अंगरखा आणि समोर पाहणारे डोळे. हिकी कल्पनेने दुबळा होता, आणि ते येथे पथ्यावर पडले असे प्रस्तुत लेखकाला वाटते. रचनेत रंग भरणाऱ्या एखाद्या मोठ्या चित्रकाराने या माणसांना पराभवाची प्रतीके केले असते. हिकीने त्यांना माणसे राहू दिले.

पूर्णय्या यांचे त्याने काढलेले चित्रही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. टिपूचे अर्थखाते सांभाळणारे हे देशस्थ ब्राह्मण मुत्सद्दी टिपूनंतर बालराजा कृष्णराज वडियारांचे दिवाण झाले व १८११ पर्यंत त्या पदावर राहिले. दोन राजवटी पचविलेल्या माणसाचा सावधपणा चित्रात उतरला आहे. विल्यम कर्कपॅट्रिकचे चित्र डब्लिनला आहे. हैदराबादचा हा माजी रेसिडेंट फारसीचा जाणकार होता, आणि टिपूच्या निवडक पत्रांचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १८११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील टीपा टिपूविषयी इतक्या कडवट आहेत की पत्रे वाचावीत व टीपा बाजूला ठेवाव्यात. चित्रात कर्कपॅट्रिकबरोबर त्याचे हिंदी साहाय्यकही आहेत. भाषांतर एकट्याने होत नाही, हे भाषेच्या शिक्षकांना सांगायला नको.

हिकीची म्हणून ओळखली जाणारी आणखी एक कलाकृती अलीकडे चर्चेत आली. साधारण १८०५ मधील, तीन स्त्रियांचे हे चित्र नर्तकींचे वा गणिकांचे समजले जात असे. २००७ मध्ये ते लंडनमध्ये लिलावास आले तेव्हा इतिहासकार नायजेल चॅन्सलर यांचे मत पुढे आले, की या म्हैसूरच्या राजघराण्यातील स्त्रिया असून चित्राचा संबंध देवीच्या लसीच्या प्रचाराशी आहे. एका स्त्रीने पदर ओढून दंड दाखविला आहे, तो लस टोचल्याची जागा दाखविण्यासाठी, असे ते म्हणतात. जेन्नरची लस हिंदुस्थानात प्रथम जून १८०२ मध्ये मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तेव्हा १८०५ मध्ये म्हैसूर दरबारापर्यंत ती पोहोचणे काळाशी जुळते. सर्वच अभ्यासकांना हे मान्य नाही. पण नाव नसलेल्या हिंदी स्त्रीला पाहताच ‘नर्तकी’ ठरवून मोकळे होण्याची सवय किती जुनी आहे, ते यातून दिसते.

१८०४ मध्ये हिकीने कंपनीकडे अर्ज केला, की आपणास इतिहास व व्यक्तिचित्रांचा सरकारी चित्रकार म्हणून नेमावे. अर्ज नामंजूर झाला. कंपनीला चित्रे हवी होती, चित्रकार पगारावर नको होता. तो काही काळ कलकत्त्याला गेला, पुन्हा मद्रासला आला. १८१६ मध्ये, पंचाहत्तरीत, त्याने कर्नल कॉलिन मॅकेन्झीचे चित्र काढले आणि ते त्याच्या हातून झालेले सर्वांत चांगले काम असावे. स्कॉटलंडचा मॅकेन्झी १७९९ च्या वेढ्यात इंजिनिअर होता, मग त्याने म्हैसूरची मोजणी केली, आणि दक्षिणेतील अनेक भाषांतील हजारो हस्तलिखिते, कैफियती, शिलालेखांच्या नकला गोळा केल्या. त्यांत मराठी कागदही बरेच आहेत. चित्रात लाल गणवेशातील मॅकेन्झी मध्ये उभा आहे, मागे दूर टेकडीवर कारकळची बाहुबलीची प्रचंड मूर्ती दिसते. त्याच्या भोवती तीन हिंदी माणसे आहेत. एकाच्या हाती ताडपत्राची पोथी, एकाच्या हाती दुर्बीण. अभ्यासकांनी त्यांची ओळख जैन पंडित धर्मय्या, कावली वेंकट लक्ष्मय्या व शिपाई किस्नाजी अशी पटविली आहे. लक्ष्मय्या व त्याचा थोरला भाऊ बोरय्या यांच्यावाचून मॅकेन्झीचा संग्रह उभाच राहिला नसता. मोजणीची दुर्बीण वाहणाऱ्या शिपायाचा चेहराही त्या काळच्या सरकारी चित्रात इतक्या नीटपणे क्वचितच आला असेल.

हिकी १८२४ मध्ये मद्रासला वारला. खडूची रेखाटने वेलिंग्टनच्या ड्यूकच्या इंग्लंडमधील स्ट्रॅटफिल्ड से येथील वाड्यात जाऊन पडली. टिपूच्या घराण्यालाही तोपर्यंत वेल्लोर सोडावे लागले होते. जुलै १८०६ मध्ये तेथील शिपायांनी बंड केले, किल्ल्यावर म्हैसूरचे निशाण चढविले, आणि त्यानंतर शहजाद्यांना कलकत्त्याला हलविण्यात आले. ज्या शहरातील गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांच्या तसबिरी लागल्या होत्या, त्याच शहराच्या दक्षिणेला टॉलीगंजच्या बाजूस त्यांची वसती झाली. श्रीरंगपट्टण पडले तेव्हा जेमतेम चार वर्षांचा असलेला धाकटा शहजादा गुलाम मुहम्मद याने पुढे धरमतल्ला येथे वडिलांच्या नावाची मशीद बांधली, आणि १८५५ मध्ये आपले आजोबा हैदर व वडील टिपू यांच्या फ्रेंच चरित्राची इंग्रजी आवृत्ती स्वतः दुरुस्त करून छापून घेतली.